तिला जमलं, मग मला?

सापाची भीती कुणाला नसते? पण काही माणसांच्या बाबतीत ती सगळ्या जगण्याला वेढा घालते. अशी माणसं बागकाम सोडतात, डोंगरात फिरायला जात नाहीत, गवत वाढलेल्या आवारात पाय ठेवायला कचरतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अशाच काही जणांना बोलावून त्यांच्यावर वेगवेगळे उपचार करून पाहिले गेले. हे प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचं नाव अल्बर्ट बंडुरा.

सर्वांत गुणकारी ठरलेला उपचार ऐकायला अगदी साधा वाटतो. भिणारी व्यक्ती आधी काचेआड बसून पाहते. पलीकडच्या खोलीत एकजण बिनविषारी किंग स्नेक शांतपणे हाताळत असतो. साप चावत नाही, अंगावर धावून येत नाही, हाताळणाऱ्याला काहीही होत नाही. मग ती व्यक्ती त्याच खोलीत येते, आधी लांब उभी राहते, हळूहळू जवळ सरकते. हातमोजे घालून सापाला एक ओझरता स्पर्श करते. हाताळणारा सापाचं डोकं आणि शेपूट धरून ठेवतो, तेव्हा ती मधल्या भागावर हात ठेवते. मग हातमोजे निघतात. शेवटच्या पायरीवर खुर्चीत बसून, दोन्ही हात बाजूला सोडून, साप मांडीवर फिरू द्यायचा असतो. नुसती फिल्म दाखवण्यापेक्षा किंवा आरामात बसवून सापाची कल्पना करायला लावण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी परिणामकारक ठरली. वर्षानुवर्षांची भीती काही तासांत ओसरली.

पण बंडुरांना विचार करायला लावलं ते त्यानंतरच्या गोष्टीनं. पुढं या माणसांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की बदल सापापुरता थांबलेला नव्हता. जी गोष्ट आपल्याच्यानं जन्मात होणार नाही असं वाटत होतं ती काही तासांत झाली. मग इतर कोणकोणत्या गोष्टींबद्दल आपण उगाचच तसं धरून चाललो होतो, असा प्रश्न या माणसांना पडू लागला होता. काहीजण चारचौघांत बोलू लागले, काहींनी आजवर टाळलेली कामं हातात घेतली. एका बाईंना तर स्वप्न पडलं, त्यात अजगर त्यांचा मित्र झाला होता आणि भांडी घासायला मदत करत होता.

दुसऱ्याला पाहून आपण शिकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाहताना नेमकं काय काय शिकतो, याचा हिशोब मात्र फारसा मांडला जात नाही. एक तर ती गोष्ट कशी करायची, हे कळतं. शिवाय ती केल्यावर करणाऱ्याचं काय होतं, तेही कळतं. आणि तिसरी गोष्ट, जी आपण स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलत नाही, ती म्हणजे ‘मला जमेल का’ याचा अंदाज. आपल्या शाळा पहिली गोष्ट शिकवतात आणि तिच्यावरच मार्क देतात. उरलेल्या दोन गोष्टी मुलं आपापली शिकतात, बहुतेकदा चुकीच्या माणसांकडे पाहून. म्हणूनच बंडुरांचं काम मला महत्त्वाचं वाटतं.

बंडुरांचा जन्म १९२५ सालचा, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मंडेर नावाच्या छोट्याशा गावातला. आईवडील पूर्व युरोपातून येऊन तिथं स्थायिक झालेले. गावातल्या शाळेच्या वरच्या वर्गांना जेमतेम दोन शिक्षक, त्यामुळे बरंचसं मुलांनी आपलं आपणच शिकायचं. मानसशास्त्राकडे ते वळले तेही योगायोगानं. कॉलेजात असताना ज्यांच्या गाडीतून ते जात, त्या मुलांचे तास भल्या सकाळी असत. मधला रिकामा वेळ भरून काढायला म्हणून त्यांनी मानसशास्त्राचा एक वर्ग घेतला आणि पुढचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. १९५३ मध्ये ते स्टॅनफर्डला शिकवायला आले आणि २०२१ मध्ये वारले तोपर्यंत त्यांचं नाव त्याच विद्यापीठाशी जोडलेलं राहिलं.

त्या काळी अमेरिकेत वर्तनवाद्यांचा मोठा दबदबा होता. त्यांच्या लेखी शिकणं म्हणजे काहीतरी करणं आणि त्याचं फळ भोगणं. उंदीर दांडा दाबतो, दाणा मिळतो, म्हणून पुन्हा दाबतो. माणूसही असंच करून, चुकून, बक्षीस किंवा शिक्षा मिळवून शिकतो, असा तो सिद्धांत. बंडुरांचा आक्षेप रोखठोक होता. पोहणं, गाडी चालवणं, शस्त्रक्रिया करणं या गोष्टी माणूस फक्त चुकतमाकत शिकू लागला, तर शिकणारे आणि त्यांच्या हाती सापडलेले, दोघेही जिवाला मुकतील. भाषा, रीतिरिवाज, स्वयंपाक, शेती हे सगळं प्रत्येक पिढीनं शून्यापासून करून पाहून शोधून काढायचं म्हटलं तर कुठलीच संस्कृती उभी राहणार नाही. माणूस दुसऱ्याच्या अनुभवावर शिकतो. तसं करताना त्याला स्वतः काही करावं लागत नाही आणि स्वतःला बक्षीस मिळण्याचीही गरज नसते.

हे सिद्ध करायला त्यांनी १९६१ मध्ये डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांच्याबरोबर जो प्रयोग केला, तो मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतो. विद्यापीठाच्या बालवाडीतली साधारण तीन ते सहा वर्षांची ७२ मुलं त्यात होती. ‘बोबो’ नावाचा एक मोठा हवेचा बाहुला होता, बुडाशी वजन असल्यामुळे ढकलला की पुन्हा उभा राहणारा. २४ मुलांसमोर एका मोठ्या माणसानं या बाहुल्याला झोडपून काढलं: वर बसून नाकावर ठोसे, लाकडी हातोडीचा मार, लाथा, आणि तोंडानं ‘हाण त्याच्या नाकावर’ अशा आरोळ्या. दुसऱ्या २४ मुलांसमोरचा मोठा माणूस बाहुल्याकडे ढुंकूनही न पाहता शांतपणे खेळत राहिला. उरलेल्या २४ मुलांना कुणीच काही दाखवलं नाही. नंतर प्रत्येक मुलाला एकेकट्यानं खेळण्यांच्या खोलीत सोडून काचेआडून पाहिलं गेलं. मारहाण पाहिलेल्या मुलांनी बाहुल्याला मारलं, एवढंच झालं नाही. त्यांनी हुबेहूब तसंच मारलं, तेच शब्द उच्चारत मारलं. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, शाबासकी दिली नव्हती. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ हे आपल्याकडच्या शेतकऱ्यानं गोठ्यात पाहून ठेवलेलं होतं. इथं ते मोजून दाखवलं गेलं.

या प्रयोगावर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. हा बाहुला मुळात मारण्यासाठीच बनवलेला असतो. त्याला मारणं आणि शेजारच्या मुलाला मारणं यांत मोठं अंतर आहे. एका नामांकित विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवरून सगळ्या जगाच्या मुलांबद्दल बोलता येत नाही, आणि पुढं वर्षभरानं त्या मुलांचं वागणं कसं होतं हे या प्रयोगातून कळत नाही. टीव्हीवरच्या मारामाऱ्या पाहून मुलं बिघडतात, असा थेट निष्कर्ष यावरून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

मला या प्रयोगापेक्षा चार वर्षांनंतरचा, १९६५ चा प्रयोग अधिक बोलका वाटतो. तो तितका प्रसिद्ध नाही. या वेळी मुलांना फिल्म दाखवली. बाहुल्याला झोडपणारा माणूस तोच, पण शेवट तीन प्रकारचे. एका शेवटात त्याला खाऊ आणि शाबासकी मिळते, दुसऱ्यात रागावणं आणि मार मिळतो, तिसऱ्यात काहीच होत नाही. अपेक्षेप्रमाणे शिक्षेचा शेवट पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. त्यातही मुलींनी तर फारच कमी. मग बंडुरांनी एक छोटी गोष्ट केली. सगळ्याच मुलांना सांगितलं, की त्या माणसानं काय काय केलं ते करून दाखवा, प्रत्येक गोष्टीला फळांचा रस आणि स्टिकर मिळेल. त्यासरशी तिन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. मुलींचं आणि मुलांचं अंतरही जवळपास मिटलं.

म्हणजे सगळ्यांनीच सगळं टिपलेलं होतं. करून दाखवायचं की नाही, एवढाच काय तो फरक होता. असं केल्यावर काय होतं हे शिक्षेच्या गटातल्या मुलीनं पाहिलं होतं, आणि त्या मारहाणीत नसलेली आणखी एक गोष्ट तिला घरातून, अंगणातून आधीच कळलेली होती: मुलीनं असं वागलेलं चालत नाही. ‘तिला येत नाही’ आणि ‘ती करत नाही’ यांतला हा फरक आपल्या वर्गांमध्ये रोज पुसला जातो. मागच्या बाकावर गप्प बसलेली मुलगी उत्तर येत नाही म्हणून गप्प असते, की उत्तर देणाऱ्या मुलींचं काय होतं हे पाहून गप्प असते, हे तिची वही तपासून कळत नाही.

पाहण्यातून शिकणं घडायला काय काय लागतं, तेही बंडुरांनी उलगडून सांगितलं. लक्ष जायला हवं, पाहिलेलं स्मरणात राहायला हवं, ते अंगानं करता यायला हवं आणि करावंसं वाटायला हवं. यातली पहिली पायरी वाटते तितकी सोपी नाही. तालमीत हौद्याच्या काठावर बसून नवा पोरगा मोठ्या पैलवानांची लढत पाहत असतो. त्याला दिसते ती पकड आणि पडणारा माणूस. डाव बसला तो त्याआधीच्या क्षणी, पायावरचा भार कुठून कुठं सरकला त्यामुळं. ते त्याच्या नजरेतून सुटतं. वस्ताद लढत थांबवतो, पायाकडे बोट दाखवतो, मग तो डाव पुन्हा सावकाश करायला लावतो. जाणकाराचं काम पाहताना हीच अडचण असते: त्याचा हात इतका बसलेला असतो, की त्यातला अवघड भाग दिसेनासा झालेला असतो. जाणकारानं मनातला विचार मोठ्यानं बोलत काम केलं तर पाहणाऱ्याच्या पदरात कितीतरी अधिक पडतं.

पाहून शिकणं म्हणजे माकडासारखी नक्कल, हा समजही खरा नाही. गेर्गेली या हंगेरियन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक सुंदर प्रयोग आहे. चौदा महिन्यांच्या बाळांसमोर एक बाई कपाळ टेकवून टेबलावरचा दिवा लावते. काही बाळांनी पाहिलं तेव्हा तिचे हात मोकळे होते, काहींनी पाहिलं तेव्हा तिनं थंडी वाजत असल्यासारखी अंगाभोवती शाल घट्ट धरलेली होती. हात मोकळे असतानाही ती कपाळ वापरते हे पाहिलेल्या बाळांपैकी ६९ टक्क्यांनी नंतर स्वतःही कपाळानंच दिवा लावला. हात अडकलेले पाहिलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. बाकीच्यांनी सरळ हात वापरला. बोलताही न येणारं बाळ समोरचा माणूस काय करतो एवढंच पाहत नाही, तो तसं का करतो याचाही विचार करतं.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येतो, ‘मला जमेल का’ या अंदाजाकडे. १९७७ मध्ये बंडुरांनी यावर स्वतंत्र सिद्धांत मांडला. एखादं ठरावीक काम आपण पार पाडू शकू ही जी आतली खात्री, तिला आपण आत्मक्षमतेची खात्री म्हणू. स्वतःबद्दल आदर असणं ही वेगळी गोष्ट. एखाद्याला स्वतःबद्दल पुरेपूर आदर असतो आणि तरी गणित म्हटलं की हातपाय गळतात. ही खात्री कामागणिक निराळी असते. ती असेल तर माणूस अवघड काम अंगावर घेतो, अडखळला तरी लागून राहतो; नसेल तर अंगी कौशल्य असूनही पहिल्याच ठेचेला सोडून देतो.

ही खात्री कुठून येते? सर्वांत पक्की येते ती स्वतः करून पाहिल्यानं, आणि तीही थोडं झगडून मिळालेल्या यशातून. सहज मिळालेलं यश पहिल्या अपयशाला कोसळतं. त्याखालोखाल येते ती आपल्यासारख्या कुणाला तरी जमताना पाहिल्यानं. ‘तू करशील रे’ हे शब्दही मदत करतात, पण त्यांचं बळ थोडं असतं आणि लगेचच्या अनुभवानं ते खोटे ठरले तर सांगणाऱ्यावरचाही विश्वास उडतो. शेवटी शरीराची साक्ष: छातीत धडधडलं, हाताला घाम आला, की माणूस त्यावरून आपल्याला जमणार नाही असं धरतो. तीच धडधड तयारीची खूण म्हणून घेणारेही असतात. आपल्या घरांत आणि शाळांत या चारांतलं कोणतं साधन सर्वांत जास्त वापरलं जातं? उपदेश. म्हणजे त्यातल्या त्यात दुबळं.

दुसरं साधन, आपल्यासारख्याला पाहणं, यावर जरा रेंगाळायला हवं. १९६७ मध्ये बंडुरांनी कुत्र्याला भिणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांना त्यांच्याच वयाचं एक निर्भय मूल कुत्र्याशी खेळताना दाखवलं. चार दिवसांच्या आठ छोट्या बैठकांनंतर बहुतेक मुलं कुत्र्याजवळ जाऊ लागली. पुढच्या प्रयोगात फिल्मवर एकच मूल आणि वेगवेगळ्या कुत्र्यांशी खेळणारी अनेक मुलं अशी तुलना झाली, तेव्हा अनेक मुलांची फिल्म सरस ठरली. एकच मूल असेल तर ‘तो वेगळाच आहे’ असं म्हणून सुटका करून घेता येते. तिघे-चौघे असले की ती पळवाट बंद होते.

शिक्षणाच्या दृष्टीनं याहून मोलाचं काम डेल शंक या अमेरिकन संशोधकाचं. हातच्याची वजाबाकी ज्यांना जमत नव्हती अशा मुलांना त्यानं सहकाऱ्यांसह व्हिडिओ दाखवले. काहींना दिसलं, शिक्षक ती गणितं सोडवतात. काहींना दिसलं, त्यांच्याच वयाचं एक मूल ती शिकतं आणि सोडवतं. नंतर सगळ्यांना सारखंच शिकवलं, सारखाच सराव दिला. आपल्या वयाचं मूल पाहिलेल्यांची खात्रीही वाढली आणि वजाबाकीही अधिक सुधारली. गणिताची रीत दोन्हीकडे एकच होती. फरक पडला तो फळ्यापाशी कोण उभं होतं त्यानं. शिक्षकाला गणित येतं यात मुलाला नवल काय? त्यावरून स्वतःबद्दल काहीच कळत नाही.

शंकनं आणखी एक बाजू तपासली. व्हिडिओतलं मूल पहिल्यापासून बिनचूक सोडवणारं असावं, की आधी चुकणारं, ‘हे मला जड जातंय’ म्हणणारं, मग नेटानं सावरत शेवटी जमवणारं? वजाबाकीच्या वेळी दोहोंत फरक आढळला नव्हता. १९८७ च्या अपूर्णांकांच्या प्रयोगात मात्र अडखळत शिकणारं मूल पाहिलेल्यांची प्रगती अधिक झाली. त्यांना ते मूल आपल्यासारखं वाटलं. वजाबाकीची थोडी तरी ओळख मुलांना आधी होती, अपूर्णांक पुरते परके होते. वाट जितकी अनोळखी, तितकं ठेचकाळत गेलेल्याला पाहणं उपयोगी पडतं.

हे वाचल्यावर निकालाच्या दिवसांतले आपल्या गावोगावचे फ्लेक्स डोळ्यांसमोर येतात. नव्व्याण्णव टक्के, राज्यात पहिला, हार घातलेला फोटो. स्पर्धा परीक्षांच्या सत्कारांतही हेच. कौतुक व्हावंच, पण त्या फोटोत काय दिसत नाही? दोनदा पूर्वपरीक्षेत गळणं, इंग्रजीच्या पेपरात बसलेला फटका, मग अभ्यासाची बदललेली पद्धत. पाहणाऱ्या मुलाला त्यातून रीत मिळत नाही आणि खात्री तर नाहीच. मिळतं ते एवढंच, की ती माणसं वेगळ्या मातीची असतात. पन्नास टक्क्यांवरच्या मुलासमोर पंचावन्नवरून सत्तरवर गेलेली मुलगी उभी करून, कोणता धडा कसा सुटत नव्हता आणि कसा सुटला हे तिला सांगायला लावावं. नापास झालेल्या वर्षाबद्दल तिला बोलू द्यावं. मला विचाराल तर सत्कार समारंभाच्या निम्म्या खुर्च्या अशा मुलांना द्याव्यात.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हे लागू पडतं, याचा एक भव्य पुरावा मेक्सिकोत मिळाला. तिथले दूरचित्रवाणी निर्माते मिगेल साबिदो यांनी बंडुरांचं लेखन वाचून मालिकांची एक रीत बसवली. त्यांच्या गोष्टीत भली पात्रं असत, बुरी असत, आणि खरी मदार असे ती अधल्यामधल्या, डळमळणाऱ्या, चुकत सुधारत जाणाऱ्या पात्रांवर. १९७५-७६ मधल्या मालिकेचा विषय प्रौढ साक्षरता होता. साक्षरतेची पुस्तिका कुठं मिळते हे मालिकेतून सांगितलं गेल्यावर ती घ्यायला एका दिवशी इतके हजारो लोक लोटले की मेक्सिको शहरातली वाहतूक ठप्प झाली. आपली ‘हम लोग’ ही १९८४-८५ मधली मालिका याच प्रयोगापासून स्फूर्ती घेऊन निघाली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलत. पण भागवंती ही सगळं मुकाट्यानं सोसणारी गृहिणी सावधगिरीचा इशारा म्हणून रंगवलेली असताना, अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. कुणाला आपल्यासारखं मानायचं हे प्रेक्षक ठरवतो, लेखक नाही.

महाराष्ट्रात हेच तत्त्व पाण्याच्या कामात दिसलं. २०१६ मध्ये पानी फाउंडेशननं वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप ही गावांमधली पाणलोटाच्या कामाची स्पर्धा सुरू केली. स्पर्धेआधी गावागावांतून काही बायका-पुरुषांना प्रशिक्षणाला नेलं जाई आणि ते प्रशिक्षण पाणलोटाचं काम आधी केलेल्या गावांत होई. शिकवणाऱ्यांत गावकरीच असत. सभागृहात तज्ज्ञाचं भाषण ऐकणं आणि आपल्यासारख्याच कोरडवाहू गावातल्या माणसाबरोबर त्याच्या शिवारात चालत, त्यानं खणलेले समतल चर आणि विहिरीतलं पाणी पाहणं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात ‘आमच्या गावात हे व्हायचं नाही’ हे वाक्य बोलणं अवघड होऊन बसतं. बंडुरांनी पुढं सामूहिक क्षमतेच्या खात्रीबद्दलही लिहिलं: आपण मिळून हे करू शकतो, हा गटाचा विश्वास. तो नसेल तर श्रमदानाला पहिल्या दिवशी आलेले पन्नास जण चौथ्या दिवशी पाचावर येतात.

इथं एक इशारा द्यायलाच हवा. आत्मविश्वास विकणारे बरेच झाले आहेत. ‘मनात आणलं तर काहीही शक्य आहे’ असं बंडुरांचं म्हणणं नव्हतं. ज्या मुलाला बेरीजच येत नाही त्याच्यात कितीही खात्री ओतली तरी वजाबाकी उमटणार नाही. शंकच्या मुलांना व्हिडिओनंतर शिकवणं आणि सराव दोन्ही मिळाले होते, हे विसरू नये. आणि ज्या मुलीसमोर शाळेचं दारच बंद आहे, जिला पाणी भरण्यातून सवड नाही, तिला ‘तुझा स्वतःवर विश्वास नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. ही खात्री पोकळीत वाढत नाही. जमलेलं माणूस नजरेसमोर असावं लागतं, आणि ते तिथं असणं किंवा नसणं हे बहुतेकदा समाज ठरवतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातून आला. तिथं ग्रामपंचायतीच्या प्रधानपदांपैकी एक तृतीयांश पदं महिलांसाठी राखीव ठेवली गेली, आणि कोणती पंचायत राखीव होणार हे जणू चिठ्ठी काढावी तसं ठरत होतं. त्यामुळे तुलना करता आली. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांनी २००६-०७ मध्ये ४९५ गावांतल्या ११ ते १५ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना प्रश्न विचारले: किती शिकावं, लग्न कधी व्हावं, पुढं काय व्हावं? जिथं लागोपाठ दोनदा महिला प्रधान होत्या तिथं मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या आकांक्षांमधलं अंतर पालकांत २० टक्क्यांनी आणि मुलामुलींत ३२ टक्क्यांनी कमी झालं. शिक्षणातलं मुलामुलींचं अंतर मिटलं, मुलींचा घरकामातला वेळ घटला. तरुण स्त्रियांसाठी रोजगाराच्या संधी मात्र तिथं वाढलेल्या नव्हत्या. म्हणजे बदलली होती ती समोर दिसणारी बाई.

यातला ‘दोनदा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. एकदाच राखीव झालेल्या पंचायतींत परिणाम इतका ठळक नव्हता. याच संशोधकांच्या आधीच्या पाहणीत दिसलं होतं, की पहिल्यांदा आलेल्या महिला प्रधानांचं काम चांगलं असूनही गावकरी त्यांना कमी लेखतात. दुसऱ्यांदा बाई त्या पदावर आली की मत बदलतं. पहिली बाई अपवाद म्हणून बाजूला काढता येते, कुत्र्याशी खेळणाऱ्या एकट्या मुलासारखी. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना पन्नास टक्के आरक्षण आहे, पण सरपंचपदाचं आरक्षण सोडतीनं आणि आळीपाळीनं फिरतं. गावाला बाईच्या हाती कारभार पाहायची सवय होते न होते तोच पद पुन्हा खुलं होतं. बीरभूममधल्या दोनदा राखीव झालेल्या पंचायतींतल्या त्या ११ ते १५ वर्षांच्या मुली १९९८ मध्ये पहिली महिला प्रधान आली तेव्हा दोन ते सात वर्षांच्या होत्या. त्यांना आठवतं तेव्हापासून पंचायतीच्या खुर्चीत बाईच बसत होती. आपल्याकडे आरक्षणाचं चक्र ठरवताना निदान सलग दोन मुदतींचा विचार व्हायला हवा.